अकरा पॉइंट सहा

शून्यावर हिरवी सही करून झाली आणि मग बाईंनी ते उत्तर वाचलं.

आधी वाचायचं आणि मग सही करायची, हे त्यांनी चाळीस परीक्षकांना चार दिवसांपूर्वी याच हॉलमध्ये उभं राहून सांगितलं होतं. पण तपासणीचा चौथा दिवस म्हणजे हात डोळ्यांच्या पुढे धावण्याचा दिवस. लाल शाई परीक्षकाची, हिरवी नियामकाची. लाल आकडा दिसला की हिरवी सही आपोआप उमटते, घरातून निघताना लावलेल्या कुलपासारखी, आणि अर्ध्या रस्त्यात आठवत नाही की लावलं होतं का. बाई भौतिकशास्त्राच्या मुख्य नियामक होत्या. पास व्हायला पाचाच्या आत गुण कमी पडलेल्या सगळ्या उत्तरपत्रिका त्यांच्या टेबलावर परत यायच्या, कारण काठावरून कुणाला उगाच ढकललेलं नाही ना, हे बघणं नियामकाचं काम. ही उत्तरपत्रिका तेहतीस गुणांची होती. पास व्हायला पस्तीस लागतात. प्रश्न सातवा, उपप्रश्न ड, तीन गुणांचा: लाल शून्य, शेजारी ओली हिरवी सही. त्याखाली पेन्सिलीने काढलेला आलेख, ज्याची रेघ सुरुवातीला खाली बुडी मारून मग वर चढत गेली होती.

प्रश्न बाईंच्या ओळखीचा होता. ओळखीचा कसला, घरचाच. चंबूत काठोकाठ रंगीत पाणी, तोंडाला बूच, बुचातून वर आलेली बारीक काचनळी. चंबू गरम पाण्यात ठेवायचा आणि नळीतली पातळी दर पाच सेकंदांनी लिहून घ्यायची. सेंटिमीटरमधला तक्ता प्रश्नातच दिला होता: बारा, अकरा पॉइंट सहा, बारा पॉइंट तीन, तेरा पॉइंट एक, आणि मग चढतच. 'आलेख काढा. चुकीची नोंद ओळखा व कारण द्या.' नमुना उत्तर दोन ओळींचं होतं: दुसरी नोंद चुकीची, तापल्यावर पाणी प्रसरण पावतं, म्हणून पातळी उतरू शकत नाही. चार दिवसांत हे उत्तर बाईंनी शेकड्यांनी पाहिलं होतं आणि दर वेळी छातीत एक लहानशी ऊब जाणवली होती, कारण बहुतेक मुलांनी शेवटी जे वाक्य जोडलं होतं ते अक्षरशः बाईंचं होतं. 'जी नोंद रेषेत बसत नाही, ती हाताची चूक समजून गाळावी.' सूचना क्रमांक चौदा.

सूचना एकूण चाळीस होत्या. बत्तीस पानांची पुस्तिका, निळं कव्हर, वर लिहिलेलं: विद्यार्थ्यांसाठी व शिक्षकांसाठी सूचना. गेली एकोणीस वर्षं दुकानदाराला 'निळी द्या' एवढं म्हटलं की पुरायचं. शिक्षक ती टाचणवहीत घडी घालून ठेवत, मुलं परीक्षेच्या दाराशी उभी राहून शेवटची पानं चाळत, आणि शाळाशाळांत बाईंना मागे आणि आता आता तोंडावरही 'सूचनाबाई' म्हणत. बाईंना ते आवडायचं; आवडतं असं त्या कुणाला कळू देत नसत एवढंच. मागच्या वर्षी डोळे तपासायला गेल्या तेव्हा तो डॉक्टर त्यांचा जुना विद्यार्थी निघाला. अक्षरांचा तक्ता समोर लावून तो म्हणाला, "सूचना सहा, बाई. घाई नको, आधी सगळं एकदा वाचून घ्या." बाहेर बसलेल्या चार लोकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बाई हसल्या होत्या. माणसाचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडात इतकं सहज बसावं, याहून मोठी पावती कुठली?

आणि आता या मळकट पानावर कुणीतरी त्या वाक्याला मान हलवून नाही म्हणत होतं. 'कोणतीही नोंद चुकीची नाही. काच आधी तापते. चंबू थोडा मोठा होतो. पाण्याला जागा जास्त मिळते म्हणून पातळी उतरते. मग पाणी तापते आणि चढते. आम्ही हे चार वेळा केले. चारही वेळा उतरले.' अक्षर असं की ओळी डाव्या कोपऱ्यातून उठून उजव्या कोपऱ्यात झोपायला निघालेल्या. बाईंनी पानं मागे उलटली. तिसरा प्रश्न कोरा. चौथ्यात सूत्र उलटं. पाचव्यात जे विचारलं नव्हतं त्याचं दीड पान उत्तर, खाली रेघ मारून पूर्ण केलेलं, पाहुणा चुकीच्या घरी जाऊन जेवून आल्यासारखं. मुलगा की मुलगी, कळायला मार्ग नव्हता; नंबरावर चिकटपट्टी होती. बाई पुन्हा सातव्या प्रश्नाशी आल्या. काच आधी तापते. ही गोष्ट त्यांना माहीत होती, अर्थात माहीत होती. एमएस्सीला प्रसरणाचं आख्खं प्रकरण त्यांनी पाठ केलं होतं. पण एका खोलीतली वस्तू दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवायचं कुणी सुचवलं नाही, तर ती तिथेच राहते. 

हे शून्य देणारा परीक्षक तिसऱ्या टेबलावर होता, नोकरीला लागून दोनच वर्षं झालेला. बाईंनी त्याला बोलावलं.

"हे वाचलंत?"

"वाचलं की, मॅडम." त्याने मान वाकडी करून पाहिलं. "ढ आहे हो. मागचं बघा ना. काहीतरी भरकटलंय आणि मग ठोकून दिलंय की आम्ही करून बघितलं. सगळेच लिहितात तसं."

"सगळे लिहितात?"

 "नाही. तसं असं कुणी लिहिलेलं बघितलं नाही." मग जरा सावरून, "पण नमुना उत्तरात नाही ना, मॅडम. तुम्हीच म्हणालात, नमुन्याबाहेर अर्धा गुणही द्यायचा नाही."

म्हणाल्या होत्या. बाईंनी उत्तरपत्रिका मिटली, त्यात हिरवं पेन खुणेला ठेवलं आणि चहाच्या सुट्टीची वाट न बघता जिना चढून वर गेल्या.

तपासणी दर वर्षी याच शाळेत असे, आणि वरच्या प्रयोगशाळेत दर वर्षी हाच सहायक असे. सगळे त्याला मामा म्हणत. सुट्टीत त्याला काम नसायचं. तो खिडकीशी बसून परीक्षानळ्यांना लागलेली वर्षानुवर्षांची पुटं ब्रशने काढत राहायचा. चंबू, बूच आणि नळी हवी आहे असं म्हटल्यावर त्याने काही विचारलं नाही. पाण्यात लाल शाई टाकली, बूच अंगठ्याने दाबून फिरवून बसवलं, नळीला दोऱ्याने पट्टी बांधली आणि किटलीतलं गरम पाणी पातेल्यात ओतलं. सगळं इतकं हळुवार, जणू कुणाला आंघोळ घालायची होती. "घड्याळ तुम्ही बघा," तो म्हणाला. "चंबू मी सोडतो."

चंबू पाण्यात गेला आणि नळीतली लाल रेघ खाली आली. थोडीच. अर्ध्या सेंटिमीटरलाही थोडी कमी. क्षणभर तिथे थबकली, आणि मग काही झालंच नाही अशा थाटात वर चढायला लागली.

बाईंनी घड्याळ पाहिलंच नाही. "पुन्हा करा," त्या म्हणाल्या. दुसरा चंबू घेतला. पुन्हा तेच.

"उतरतंच ते," मामा म्हणाला. "बूच नीट बसलं असेल तर उतरणारच. नाही उतरलं तर समजायचं कुठंतरी गळतंय."

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"मी इथं लागलो तेव्हापासून. पोरं विचारायची ना, मामा, हे खाली का आलं? मी सांगायचो, आलं तर आलं, लिहू नका. निळीत गाळायला सांगितलंय."

"मला एकदा तरी सांगायचंत."

मामाने हात पुसले. "तुम्ही नियामक. मी बुचं धुणारा. आणि दर वर्षी येता, चहा घेता, जाता. विचारलंत कधी?" त्याच्या बोलण्यात राग नव्हता. पाऊस आला तर छत्री घ्यावी लागते, असं सांगावं तशा सुरात तो बोलत होता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

लाल रेघ आता वर टोकाशी पोचली होती आणि बाई तिच्याकडे बघत असताना एक वेगळीच खोली त्यांच्याभोवती उभी राहिली. वय सतरा. अशीच टेबलं, असाच गॅसचा वास, बाहेरून आलेले परीक्षक आणि त्यांच्या नव्या बुटांची करकर. प्रात्यक्षिक परीक्षेत हाच प्रयोग आला होता. त्यांनी पहिली नोंद लिहिली, बारा. मग डोळा नळीला लावून दुसरी. पातळी खाली आली होती. त्यांनी पाहिलं होतं. हे आत्ता कळलं असं नव्हे. हे आठवलं, बोट चिरल्यावर आधी नुसतं गार वाटतं आणि मग दुखतं तसं. त्यांनी अकरा पॉइंट सहा लिहिलं होतं, आणि बुटांची करकर जवळ येऊ लागल्यावर शेजारणीचं खोडरबर घेऊन ते खोडलं होतं, आणि जागी लिहिलं होतं बारा पॉइंट एक. रेघ सरळ आली. परीक्षक मागे उभे राहिले, बाईंचा कागद उचलून सगळ्या वर्गाला दाखवला आणि म्हणाले, "वा." वीसपैकी वीस. त्या 'वा'वर बाईंनी आयुष्य काढलं होतं, म्हटलं तर चालेल; तो शब्द घरी नेला, त्याच्यासाठी पुढे शिकल्या, शिकवलं, आणि सदतीस वर्षांच्या झाल्यावर चौदावी सूचना लिहायला बसल्या तेव्हा चुकीच्या नोंदीचं उदाहरण म्हणून हाताने आपोआप एक आकडा लिहिला. अकरा पॉइंट सहा. तेव्हा त्यांना वाटलं होतं की तो आपण मनाने रचला. इतकी वर्षं तो आकडा त्यांच्यात पाय मुडपून बसला होता, आणि त्यांनी त्याला बाहेर काढलं तेही कसं, तर आरोपी म्हणून.

मधल्या सुट्टीत त्या जिन्याच्या वळणावर उभ्या राहिल्या आणि घरी फोन लावला. आई त्यांच्याकडेच राहायची. ब्याऐंशी वर्षांची, चाळीस वर्षं वॉर्डात नर्स होती, आणि आताही घरातल्या सगळ्यांच्या झोपेवर तिची पाळी चालू असायची.

"जेवलीस?" आईने विचारलं.

"जेवते. आई, तू वॉर्डात तापाचा तक्ता भरायचीस ना. कधी खोटं लिहिलंस त्यात?"

"हे काय मध्येच?"

"सांग ना."

"कधी म्हणजे? आठवड्यातून दोनदा तरी." आईचा आवाज मजेत आला. "दोन दिवसांनी डोळा लागलेल्या माणसाला ताप बघायला उठवायचं का? मग मागचा आकडा बघायचा, पुढचा बघायचा, आणि मधे एक टिंब ठेवून द्यायचं. डॉक्टर खूश, पेशंट खूश."

 लहानपणी आईबरोबर वॉर्डात गेल्या की खाटेच्या पायाशी अडकवलेले ते तक्ते त्यांना फार आवडायचे. टिंबं जोडत जाणाऱ्या रेघा, एकीचंही पाऊल वाकडं नाही. सुबक रेघ म्हणजे बरा होत असलेला माणूस, हे त्यांच्या डोळ्यांनी तिथे शिकून घेतलं होतं.

"पण एक आहे हं," आई म्हणाली. "न बघितलेलं लिहिलं असेल. बघितलेलं कधी खोडलं नाही. एकदा एकाचा ताप असा भलताच उतरलेला दिसला, डॉक्टर म्हणाले सिस्टर, तुमचं काहीतरी चुकलंय, खोडा. मी म्हटलं, तुम्ही खोडा आणि खाली तुमची सही करा."

"मग खोडलं त्यांनी?"

"सही मागितल्यावर कोण खोडतं? आणि तू फोन ठेव आता आणि जेव. पस्तिशीच्या पुढे पित्त वाईट."

बाई छप्पन्न वर्षांच्या होत्या. फोन ठेवून त्यांनी डबा उघडलाही नाही.

केंद्रप्रमुख पूर्वी गणित शिकवायचे आणि अजूनही प्रत्येक अडचण सोपं रूप देऊन सोडवायचे. त्यांनी उत्तर वाचलं, वर बघितलं, पुन्हा वाचलं. "बरोबर आहे म्हणता?"

"वर जाऊन दोनदा पाहून आले."

"पण पुस्तिका तुमची. तक्ता तुमचा. प्रश्न काढणाऱ्याने तुमच्याकडूनच उचललाय, अगदी दशांशासकट." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "बाई, नऊ हजार उत्तरपत्रिका तपासून गठ्ठे बांधून झालेत. आणि या पोराला कमी किती? दोन. ग्रेसमध्ये बसतंय. द्या दोन ग्रेस, पोर पास, सूचना चौदा जागच्या जागी, आणि पुढच्या आवृत्तीत तुम्ही गुपचूप ती ओळ बदला. कुणाचं काही गेलं का?"

उत्तर सोपं होतं आणि सुटसुटीत होतं, आणि बाईंच्या लक्षात आलं की आपला हात ते घ्यायला पुढे झालाच होता. एकोणीस वर्षं. आवृत्ती बदलताना कोण कशाला विचारतंय? त्यांनी टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहिलं. त्याच्या काचेत खिडकी उलटी दिसत होती.

"ग्रेस एकाच विषयाला मिळते," त्या म्हणाल्या. "हे पान बघून वाटत नाही की याला रसायनात फार बरे पडले असतील. इथे ग्रेस खर्च केली आणि तिथे लागली तर?"

"ते आपण कशाला बघायचं?"

"आणि ग्रेस म्हणजे कृपा. कृपा कशाची? तीन गुण कमावलेत त्याने. आपण देत नाही आहोत ते. आणि असं उत्तर त्या गठ्ठ्यांत आणखी कुणाचं असेल तर?"

केंद्रप्रमुखांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "गठ्ठे उघडायचे तर लेखी आदेश लागतो. आदेशात कारण लागतं. आणि ते कारण वाचून मंडळ निळी थांबवेल, हे मी तुम्हाला आत्ताच सांगतो."

"थांबवू दे," बाई म्हणाल्या. "कागद द्या."

त्यांनी कागद पुढे ओढला आणि लिहिलं:  प्रश्न ७ ड मधील दुसरी नोंद बरोबर असून ती योग्य कारणासह बरोबर ठरवणाऱ्यांना पूर्ण गुण द्यावेत. पुस्तिकेतील सूचना क्रमांक चौदा चुकीची आहे. ती मी लिहिली होती. खाली नाव, पूर्ण, वाचता येईल असं. लिहून झाल्यावर त्यांनी ते दूर धरून पाहिलं, आणि त्यांना त्या निळ्या पुस्तिकेतल्या चाळीसच्या चाळीस सूचनांपेक्षा ही तीन वाक्यं जास्त ठाशीव वाटली. आणि असं वाटलं याची जरा लाजही वाटली, कारण चूक कबूल करताना माणसाने इतकं ताठ बसू नये.

हॉलमध्ये त्यांनी आदेश वाचून दाखवला. चाळीस पेनांची टोपणं बसली. मग मागच्या टेबलावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "सूचनाबाईंनीच सूचना गाळली," आणि हसणं टेबलावरून टेबलावर सरकत पुढे आलं. बाईही हसल्या. तिसऱ्या टेबलावरचा तो तरुण परीक्षक मात्र हसला नाही. तो उठून उभा राहिला.

"मॅडम, मग ज्यांनी ती नोंद गाळली त्यांचं काय? ते तर सगळे चुकले ना आता?"

"त्यांचे गुण तसेच राहतील. प्रश्नानेच सांगितलं होतं, चुकीची नोंद शोधा. त्यांनी आपलं ऐकलं. आपलं ऐकल्याची शिक्षा पोरांना नको."

"आणि हे पोर?"

"याने ऐकलं नाही," बाई म्हणाल्या. "त्याचे तीन."

दोऱ्या सुटायला लागल्या. गाठी नखाने सोडवल्याचा, कागद सरकवल्याचा, कुरकुरीचा, खुर्च्यांचा आवाज. चार दिवसांचं काम पुन्हा उलगडत होतं आणि कुणी त्यांच्याकडे फारसं प्रेमाने बघत नव्हतं. बाई आपल्या टेबलावर आल्या आणि हिरवं पेन ठेवलं होतं तिथे ते पान उघडलं. नियामकाने स्वतः सही केलेला आकडा बदलायचा तर आधीचा वाचता येईल असा एका रेघेने छेदायचा, नवा शेजारी लिहायचा आणि कारण द्यायचं. त्यांनी शून्य छेदलं. तीन लिहिले. बेरीज छत्तीस. कारणाच्या जागी, कितीतरी वर्षांनी अक्षर काढत, लिहिलं: निरीक्षण अचूक.

आणि मग त्यांना काही केल्या ती उत्तरपत्रिका बाजूला ठेववेना. हे पोर छत्तीस गुण बघेल आणि म्हणेल, वाचलो. त्याला कळणारही नाही की त्याच्यासाठी नऊ हजार उत्तरपत्रिकांच्या गाठी सुटल्या. पण त्या चार वेळा केलेल्या प्रयोगामागे कुणीतरी उभं होतं. 'आम्ही' लिहिलंय म्हणजे एकटं नव्हतं ते. कुठल्यातरी शाळेत कुणीतरी शिक्षक असणार, ज्याच्या कपाटात निळी असेलच, सगळ्यांच्याच असते, आणि ती उघडायचं सोडून त्याने या ढ म्हणवल्या गेलेल्या पोरांना चंबू दिले आणि पाणी खाली आल्यावर म्हणाला असेल, पुन्हा करा. आणि पुन्हा. आणि पुन्हा. तो कोण, बाईंना कधीच कळणार नव्हतं. त्यांची कुठली सूचना त्याच्यापर्यंत पोचली नव्हती, त्याच्या शिकवण्यात त्यांचा काडीचाही हात नव्हता; आणि तरी, किंवा कदाचित म्हणूनच, त्यांच्या आत अभिमान चढत होता, 'वा' ऐकल्यावर सतराव्या वर्षी चढला होता त्याहून जड आणि जास्त मोकळा, कारण या वेळी त्यात त्यांचं स्वतःचं असं काहीच नव्हतं. त्यांनी वेड्यावाकड्या ओळींवरून एकदा तळवा फिरवला.

तो तरुण परीक्षक पहिला उघडलेला गठ्ठा घेऊन आला होता आणि टेबलाशी उभा होता. त्याने बाईंच्या तोंडाकडे पाहिलं, मग नंबरावरच्या चिकटपट्टीकडे, आणि जरा संशयानेच विचारलं, "मॅडम, ओळखीतलं आहे का कुणी?"

"नाही हो," बाई म्हणाल्या. "असतं तर बरं झालं असतं."